चिंचखारच्या त्रेचाळीस दिवडी

सोमवार, २ डिसेंबर २०२४

वनखात्याची परवानगी एकदाची आली. चार ओळींच्या पत्राला पाच महिने. जिवंत सापाच्या पोटाच्या एका खवल्याचा कोपरा कापायचा, स्पिरिटच्या कुपीत टाकायचा, साप जिथे धरला तिथेच सोडायचा. एकूण वीस साप. एवढं पुरे.

३१ मार्चला मी कॉलेजातून निवृत्त होतो. त्याआधी खारदिवडीचा निकाल लागला पाहिजे. चिंचखारच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, मिळणारी दिवड ही साधी पाणदिवड नाही, ती वेगळी जात आहे, हे मी कितीतरी वर्षं सांगतो आहे. प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटात माझ्या त्रेचाळीस बरण्या आहेत. प्रत्येक दिवडीच्या पोटाचे आडवे खवले मी स्वतः भिंगाखाली मोजले आहेत. चिंचखारची सरासरी एकशे बत्तीस. चौलच्या वाड्यांमधल्या तळ्यांतून मी धरलेल्या सव्वीस दिवडींची एकशे चाळीस. चिंचखारच्या दिवडीचं अंग सडपातळ, शेपटी लांब, रंग मातकट. याला योगायोग म्हणणाऱ्याने समोर यावं.

मृणालीला फोन केला. माझी विद्यार्थिनी, मूळची चिंचखारची, आता हैदराबादच्या प्रयोगशाळेत सापांच्या जनुकांवर काम करते. म्हटलं, बरण्यांतले तुकडे पाठवू का?

"नको सर. ते फॉर्मलिनमध्ये आहेत. त्यातून डीएनए नीट निघत नाही. तुकडे तुकडे झालेला असतो."

"सगळ्या त्रेचाळीस?"

"सगळ्याच. पण अंगरचनेसाठी त्या लागतीलच ना."

मुलगी समजूत घालत होती, ते कळलं. १९९७ साली या तालुक्यात फॉर्मलिन मिळालं हेच खूप होतं.

रविवार, ८ डिसेंबर

चिंचखार. खाडीचं पाणी अडवणारा बांध, बांधात उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर करायची लाकडी झडप. भरतीला झडप उघडून पाणी आत घेतात, ओहोटीला ते सोडताना झडपेच्या तोंडाला पिशवीसारखं जाळं बांधतात. त्याला बोक्षी म्हणतात. बोक्षीत कोळंबी, चिवण्या, निवट्या येतात आणि दिवडीही येतात. पिल्लं जाळीच्या डोळ्यांतून निसटतात, मोठ्या अडकतात. चिंचखारच्या माझ्या सगळ्या बरण्या या बोक्षीत बुडून मेलेल्या दिवडींच्या. इथली मी एकही मारलेली नाही.

बोक्षी येसूबाईची आणि तिच्या मुलाची, भिकूची. येसूबाई म्हणजे मृणालीची आजी. सत्तरी ओलांडली असेल, अजून गुडघाभर चिखलात उभी राहते. आज दोन जिवंत दिवडी मिळाल्या.

"एवढ्याच?" मी विचारलं.

"एवढ्याच गावल्या," भिकू म्हणाला.

येसूबाईने एक टोपली ओल्या गोणपाटाखाली सरकवली आणि तिच्यापुढे उभी राहिली. इतक्या वर्षांत मी हिच्याकडे एक कोळंबी फुकट मागितली नाही, तरी माझ्यापासून मासळी लपवते.

दोन्ही दिवडींनी मला चावे घेतले. बिनविषारी असल्या तरी दात बारीक आणि पुष्कळ. कुप्या भरल्या. घरी आल्यावर सगुणाने हात धुऊन दिला. प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षं नर्स होती ती. म्हणाली, "साप शांत असतो म्हणून भाषणात सांगता, तो हाच का?"

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

सावित्रीबाईंच्या जयंतीला चिंचखारच्या शाळेत बोललो. पन्नास मिनिटं. शेवटी आवरलं नाही. सांगून टाकलं की या गावाचं नाव आता जगातल्या प्रत्येक सर्पशास्त्रज्ञाच्या तोंडी येणार आहे, कारण नव्या जातीचं नाव असेल फाउलिया चिंचखारेन्सिस. राजांची, गव्हर्नरांची, लाटसाहेबांची नावं सापांना पुष्कळ दिली गेली. आता चिखलात राबणाऱ्यांच्या गावाचं नाव लागेल!

टाळ्या थांबेनात. सरपंचांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की ठराव घेऊ, वेशीवर फलक लावू. भिकू म्हणाला, "सर, लॅटिनमंदी आमचा गाव? आमच्या सातबारावर पन कोन नीट लिवीत नाय."

घोषणा करायला नको होती, निकाल अजून आलेला नाही. पण निकाल काय येणार हे मला माहीत आहे. कॉपर्निकसला दुर्बीण कुठे होती?

निरोप समारंभ समितीने माझ्या गाजलेल्या भाषणांची यादी मागितली आहे. पहिलं लिहिलं ते चिंचखारचंच, डिसेंबर १९९६, शाळेचं मैदान, सर्पपूजेवर. 'सापाची ओटी भरणाऱ्या बायांनी आधी आपल्या पोरींची दप्तरं भरावीत' हे वाक्य तेव्हा तालुकाभर फिरलं होतं. त्या भाषणामुळेच या गावाशी ओळख झाली. पुढच्या वर्षीपासून ते मला दिवडी देऊ लागले. विचार रुजतो तो असा.

मंगळवार, १४ जानेवारी

मृणालीचा फोन. पहिल्या आठ कुप्यांचा निकाल, निम्म्या चिंचखारच्या, निम्म्या चौलच्या. माइटोकॉन्ड्रियातलं एक जनुक वाचलं. चिंचखारची दिवड आणि चौलची दिवड यांच्यात काहीच फरक नाही म्हणते. "एकाच तळ्यातल्या दोन दिवडींत असतो तेवढाच, सर."

मी म्हटलं, थांब. माइटोकॉन्ड्रियाचं जनुक फक्त आईकडून येतं. कधीकाळी दोन जातींचा संकर झाला असेल आणि चौलच्या मादीचं जनुक खाजणात शिरलं असेल, तर ही चाचणी फसते. अशी उदाहरणं आहेत. केंद्रकातली जनुकं बघ.

"बघते. मुद्दा बरोबर आहे तुमचा."

अर्थात बरोबर आहे. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "सर, नराचं जननांग हे अंगरचनेतलं मोठं लक्षण. ते तुम्ही किती नमुन्यांत बाहेर काढून बघितलंय?"

"सगळ्या."

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस?"

"एकही नमुना वाया गेलेला नाही," मी सांगितलं. या वयात मला असं विचारतात! पण अभिमानाने सांगता आलं.

"आणि चौलच्यांत?"

"तिथे अकरांचं. बाकीच्या माद्या."

तिकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "चिंचखारच्या माद्या कुठेयत, सर?"

नव्या जातीच्या लेखाच्या मसुद्यात मी ते लिहिलं आहे: माद्या कांदळवनाच्या आत, खोल चिखलात राहत असाव्यात, पुढे मिळतील तेव्हा पुरवणी टिपण देऊ. तिला तसं सांगितलं. "बरं," म्हणाली. मोठ्या प्रयोगशाळेत गेलं की माणसं 'बरं' म्हणायला शिकतात.

गुरुवार, ३० जानेवारी

केंद्रकातल्या तीन जनुकांचा निकाल आला. तेच.

जननांगाची चित्रंही मी तिला पाठवली होती. चौलच्या नरांशी तंतोतंत जुळतात, असं लिहून आलं आहे. काटे, खाच, टोक, सगळं.

दोन तास वहीपुढे बसलो. काही सुचलं नाही म्हणून एवढंच लिहितो.

रविवार, २ फेब्रुवारी

एका नियतकालिकाचे संपादक ओळखीचे आहेत. फक्त अंगरचनेवर जात ठरवणारा लेख ते अजून घेतात. मृणालीचं नाव काढून, जनुकांचा उल्लेख न करता मसुदा पाठवता येईल. दीडशे वर्षं जाती खवले मोजूनच ठरल्या. जनुक काय, काल आलेली गोष्ट.

ईमेल लिहिलं. पाठवलं नाही. सगुणा चहा घेऊन आली आणि पडद्यावरचं वाचत उभी राहिली.

"पोरीचं नाव कुठाय?"

"तिचा निष्कर्ष वेगळा आहे."

"आणि तिचा पुरावा?"

मी चहा उचलला. मग दिवसभर तिच्याशी भांडलो, भाजीवरून.

संध्याकाळी मृणालीला फोन केला आणि नको ते बोललो. म्हटलं, तुमच्यासारख्यांना आता यंत्राबाहेरचं दिसत नाही, हातात साप धरायला विसरलात, गावच्या पोरीने गावाचं नाव बुडवलं. तिने ऐकून घेतलं. रडेल असं वाटलं, रडली नाही.

"सर, एक करा. पुढच्या उधाणाला उघाडीवर बसा. पूर्ण ओहोटी. बोक्षी लावल्यापासून काढेपर्यंत."

"अठ्ठावीस वर्षं जातोय मी तिथे."

"तुम्ही बोक्षी काढून झाल्यावर जाता. आजी तुम्हाला फोन करते, मग तुम्ही येता. यावेळी आधीपासून बसा. आणि बोलू नका."

"म्हणजे?"

"काहीच बोलू नका. मी लहानपणी तिथे जे बघितलंय, ते मी तुम्हाला सांगितलं तर आजीचा विश्वास तोडल्यासारखं होईल. तिने दाखवलं तर वेगळं."

हे काय गूढ? शास्त्रात गुपितं चालत नाहीत. ईमेल अजून मसुद्यातच आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहितो.

काल पौर्णिमा झाली, आज मोठं उधाण. एक वाजता बांधावर पोचलो. भिकूला सांगितलं की मी आज बसणार आहे आणि बोलणार नाही.

"तब्येत बरी हाय ना?"

मान हलवली.

"बाईंशी भांडण झाला काय?"

पुन्हा मान हलवली, यावेळी आडवी.

"मंग आमचा काय चुकला?" तो खरोखर घाबरला होता.

दगडावर बसलो. ऊन होतं. पाणी उतरू लागलं, झडप उघडली, बोक्षी फुगली. येसूबाई अधूनमधून माझ्याकडे बघत होती. मला साडेतीन तास न बोलता बसायची सवय नाही. मनातल्या मनात दोन भाषणं करून झाली. तिसऱ्याचा विषय सुचेना तेव्हा पाण्याकडे बघायला लागलो.

साडेचारला बोक्षी काढली. कोळंबी, निवट्या, एक खेकडा आणि सहा दिवडी. दोन सडपातळ होत्या. त्या भिकूने लगेच बादलीत टाकून माझ्याकडे सरकवल्या. उरलेल्या चार मनगटाएवढ्या जाड, चार फूट लांब, पोटं फुगलेली, शेपट्या आखूड. मी ओळखल्या. कोणीही प्राणिशास्त्रवाला ओळखेल. अंड्यांनी भरलेल्या माद्या.

भिकूने आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. कोणी हलेना.

"जरा तिकरं फिरून येता का, सर?" येसूबाई म्हणाली.

मी आडवी मान हलवली.

"बरा. मंग जे काय ऐकवायचा ते पयलं ऐकवून घ्या. माझा काम मी मंग करन."

तिने बराच वेळ वाट बघितली. भाषण येत नाही असं पाहून तिने कमरेच्या पिशवीतून पुडी काढली. चिमूटभर हळद, कुंकू, थोडे तांदूळ. भिकूने एकेक दिवड मानेमागे धरली. येसूबाईने शेपटीला हळदकुंकू लावलं. तोंडाकडे नाही. "चावतं ते," ती म्हणाली, मला की स्वतःला कोण जाणे. बांधावर तांदूळ टाकले. मग भिकूने दिवडी बांधाच्या गोड्या पाण्याच्या बाजूला सोडल्या.

"जा बाय. मोकली हो सुखानं."

चारही गेल्या. तेव्हा मी तोंड उघडलं. विचारलं, हे किती वर्षं चाललंय?

"माझी सासू करीत व्हती. तिची सासू करीत व्हती. भरलेली बाय बांधाला आली म्हंजे माहेरवाशीन. तिला मारीत नाय, कोनाला देत नाय. बोक्षीत मेली त बांधात पुरतो."

"मला का नाही सांगितलंत?"

भिकू हसला. "सांगून? पुन्ना मैदानात भाषण?"

मग येसूबाईने माझं वाक्य म्हणून दाखवलं. १९९६चं. सापाची ओटी, पोरींची दप्तरं, जसंच्या तसं, कुठे थांबलो होतो तेही. "सगला गाव हासला. मी पन हासले. मंग बगितला त बाया माझ्याकरं बगून हासत व्हत्या. ओटीचा सामान माझ्याच घरात असायचा ना. त्या सालापासून तुमी यायच्या आदी उरकून घेतो."

मला वाक्य आठवत होतं. टाळ्या आठवत होत्या. तिसऱ्या रांगेत की कुठे बसलेली एक बाई मला आठवत नाही. अजूनही आठवत नाही, प्रयत्न केला.

मृणालीचं दप्तरही हिनेच भरलं होतं. हे घरी आल्यावर लक्षात आलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कॉलेजात गेलो. विभागाचं दार लावून घेतलं. चौलच्या सव्वीस बरण्या टेबलावर मांडल्या आणि नर-माद्या वेगळ्या केल्या. हे मी पूर्वी का केलं नव्हतं? जुन्या तक्त्यात दोन्हींची सरासरी एकत्र दिलेली आहे, आणि मी तसाच तक्ता केला. दुसरं कारण नाही.

नर अकरा, सरासरी एकशे बत्तीस. माद्या पंधरा, सरासरी एकशे सेहेचाळीस. सगळ्यांची मिळून एकशे चाळीस. शेपट्या नरांच्याच लांब. अंगं नरांचीच सडपातळ. रंग? चिखलाचा.

म्हणजे माझी खारदिवड ही वेगळी जात नव्हेच, ते साध्या पाणदिवडीचे नर आहेत. पिल्लं जाळीतून निसटत होती, आम्ही नमुने घेतो त्या थंडीच्या हंगामात मोठी मादी म्हणजे भरलेलीच, आणि भरलेली मादी माझ्यापर्यंत येत नव्हती. जनुकांनी एका महिन्यात सांगितलं ते मला आता खवल्यांनीही सांगितलं. दोन साक्षीदार, दोघांचं म्हणणं एक.

संपादकांना लिहिलेलं ईमेल पुसून टाकलं. मृणालीला आकडे पाठवले. खाली लिहिलं, 'त्या दिवशी बोललो त्याबद्दल वाईट वाटतं.' लगेच उत्तर आलं: 'सर, आकडे सुंदर आहेत. आजी रागावली का?'

बुधवार, १९ फेब्रुवारी

चिंचखारच्या माद्या मोजल्याशिवाय हे अर्धवट राहील. चौलवरून चिंचखारचं अनुमान काढणं म्हणजे पुन्हा तीच चूक. येसूबाईकडे गेलो आणि विचारलं: सोडण्याआधी मोजू द्याल का? जिवंत, बांधावरच, पाच मिनिटांत.

"बरनी नाय."

"नाही."

"त्यांचा खवला पन नाय तोरायचा. भरलेल्या बाईला सुई सुदा जपून टोचतात."

सगुणा माझ्यासोबत आली होती. "ते खरंय," म्हणाली. म्हणजे दोन विरुद्ध एक. कबूल केलं.

"आनि मी माझा करताना पाठ फिरवायची नाय. तुमाला हात लावायला सांगत नाय. तुमचा धरम मला ठावं हाय."

आमच्या घरात छप्पन सालापासून हळदकुंकवाचा करंडा नाही. वडिलांनी तो खाडीत टाकला आणि पुन्हा कधी अशा कशापुढे हात जोडले नाहीत, मीही नाही. जोडणारही नाही. पण उभं राहून बघणं म्हणजे पूजा नव्हे. रात्री अंथरुणावर पडून हे स्वतःला तीनदा पटवलं. चौथ्यांदा सगुणा म्हणाली, "झोपा आता, सभा संपली."

रविवार, २ मार्च

परवाच्या अमावास्येचं उधाण. तीन दिवसांत नऊ माद्या मोजल्या. येसूबाई धरते, भिकू शेपटी सरळ ताणतो, मी मोजतो, सगुणा लिहून घेते. सरासरी एकशे सेहेचाळीस. चौलच्या माद्यांइतकीच.

गावात बातमी पसरली. आज गणराज नावाचा शेजारच्या बांधावरचा माणूस तीन दिवडी बादलीत घालून घेऊन आला. मागे वीसेक बघे. येसूबाई त्याच्यावर उखडली. "माहेरवाशिनींना काय रेशनच्या लायनीत हुब्या करता काय रं?" पण मोजू दिल्या.

माझ्या डोळ्यांसमोर तिने शेपटीला कुंकू लावलं. मी पाठ फिरवली नाही. मला ते अजूनही पटत नाही. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "पटायला कोन सांगतंय?"

सोमवार, १७ मार्च

सरपंचांचा निरोप आला. फलक रंगवून तयार आहे, निरोप समारंभात प्राचार्यांच्या हस्ते उद्घाटन करू. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. भिकूही बोललेला नाही. बहुधा मी सांगेन म्हणून थांबला आहे.

सोपा मार्ग आहे. 'संशोधन चालू आहे' म्हणायचं आणि निवृत्त व्हायचं. खोटं तर नाही. दोन वर्षांनी कोण विचारणार? फलक तसाच राहील, पोरं त्याखाली फोटो काढतील, कोणाचं काय बिघडलं?

पण आयुष्यभर मी लोकांना एकच सांगितलं की पुरावा विरुद्ध गेला तर त्याच्यापुढे मान तुकवा. देवांच्या बाबतीत सांगितलं, भुतांच्या बाबतीत सांगितलं. दिवडीच्या बाबतीत कोणी मला सांगितलं नाही म्हणून मी सुटतो का?

सरपंचांना फोन करून सांगितलं. त्यांनी आधी फलकाचा खर्च सांगितला. मग, "सर, तुम्ही माईकवरून जाहीर केलं होतं."

"म्हणून माईकवरूनच सांगतो. फलक आणू नका."

शनिवार, २२ मार्च

मृणालीबरोबर नवा मसुदा. नव्या जातीचा लेख रद्द केला. आता टिपण आहे, चार पानी: एका लिंगाचेच नमुने गोळा झाले तर जात ठरवताना कशी चूक होते. पहिलं नाव माझं नको म्हणालो. ती म्हणाली, "चूक तुमची आहे सर, पहिलं नाव तुमचंच."

'नमुने कसे मिळवले' या भागात माद्या का नव्हत्या ते लिहायचं होतं. मी लिहिलं: 'स्थानिक श्रद्धेमुळे माद्या उपलब्ध झाल्या नाहीत.' मृणालीने ते खोडलं. म्हणाली, श्रद्धा तर १९९६च्या आधीपासून होती, लपवणं नंतर सुरू झालं. आम्ही दोघांनी मिळून लिहिलं: 'नमुने गोळा करणाऱ्याने या प्रथेची जाहीर टिंगल केल्यामुळे स्थानिकांनी गाभण माद्या त्याच्यापासून लपवल्या.' तृतीय पुरुषात लिहिलं की सोपं जातं.

शनिवार, २९ मार्च

समारंभ झाला. दमलो आहे, पण आजच लिहितो.

हॉल भरला होता. चिंचखारची माणसं टेम्पोने आली होती. येसूबाई मधल्या रांगेत, धुवट नऊवारीत. मृणाली हैदराबादहून मुंबईपर्यंत विमानाने आणि पुढे लाँचने मांडव्याला उतरून थेट आली. सगुणा पहिल्या रांगेत, हातात घड्याळ. माझ्या भाषणांना ती नेहमी घड्याळ लावते.

चार जणांनी माझं कौतुक केलं. एकाने मला वादळ म्हटलं. मग मी उठलो. तासाभराचं भाषण तयार होतं. ते खिशातच राहिलं. मी सांगितलं की चिंचखारची दिवड वेगळी जात नाही, ती आपली साधी पाणदिवडच आहे. जनुकं तसं सांगतात आणि खवलेही. चूक माझी, ज्या बायांनी माद्यांना जपलं त्यांना मी त्यांच्याच गावात हसलो, त्यामुळे त्यांनी मला माद्या दाखवल्या नाहीत, आणि म्हणून माझी मोजणी अर्धी राहिली. एवढं बोलून खाली बसलो. सगुणाने घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

टाळ्या वाजवायच्या की नाही, लोकांना कळेना. प्राचार्यांनी दोन वाजवल्या आणि थांबले.

"म्हंजे लॅटिनमंदी नाव नाय?" भिकूने मोठ्याने विचारलं.

"नाही."

"बरा झाला. मला बोलताच येत नव्हता."

हशा झाला. तो ओसरायच्या आत येसूबाई उभी राहिली. कोणी माईक दिला नाही, तिला लागलाही नाही.

"सर अर्धाच बोलले," ती म्हणाली. "माद्या लांब कांदलात, खोल चिखलात ऱ्हातात, असा सरांनी आदी लिवला व्हता, मिरनालीनं सांगितला. तसा नाय, हितंच खाजनात असतात. पन अंडी घालायला बांधाच्या गोड्या अंगाला येतात, खेकड्यांच्या जुन्या बिलात. खाऱ्या अंगाला घातलेली अंडी सडतात. म्हनून आमी त्या अंगाला सोरतो. उगाच नाय सोरत."

मी खिशातले भाषणाचे कागद काढले. पाठकोऱ्या बाजूला लिहायला सुरुवात केली: गोडी बाजू. खेकड्यांची बिळं. पेन चालेना. मृणालीने मागून तिचं दिलं.

येसूबाई बोलत होती. कुठल्या महिन्यात पहिली येते. कुठल्या साली पाणी बांधावरून गेलं आणि एकही आली नाही. अंडी घातल्यावर मादी बिळातच वेटोळं घालून बसते, मुंगूस आलं तरी हलत नाही. यातलं काहीच माझ्या एकाही वहीत नाही. माझे तिन्ही कागद भरले. चौथा सगुणाने पर्समधून काढून दिला.

किती दिवस बसते, हे मात्र ती सांगायची राहिली आणि पुढे निघाली. मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं. मी हात वर केला.

ती थांबली. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता.

"बोला, सर," येसूबाई म्हणाली.